शाकाहाराचा दाखला

माझ्या उजव्या हाताने माझ्याच विरोधात मतदान केलं, आणि माझ्या बदनामीला तिथून सुरुवात झाली.

त्या रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होती आणि विषय एकच होता. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या जेवणात सावजी मटण ठेवायचं की नाही? भिलाईत मराठी माणूस स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आला, तो येताना नागपूर-वर्ध्याकडचे मतभेद ट्रंकेत घालूनच आला. गेली चार वर्षं मटणाचा ठराव येतो आणि गेली चार वर्षं मी तो पाडतो. मी म्हणजे विजयकुमार मोहरील, प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त. इन्स्पेक्शनला होतो. रुळात केसाएवढी चीर असली तरी माझ्या नजरेतून सुटत नसे, हे मी लोकांना अधूनमधून सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

त्या दिवशी मी पंचवीस मिनिटं बोललो. वाघाचे दात, गाईचे दात, आतड्याची लांबी, सात्त्विक बुद्धी, सगळं झालं. मी स्वतः रोज संध्याकाळी वाडगाभर कच्ची कोशिंबीर खातो, त्यामुळे माझं डोकं कसं स्वच्छ राहिलं आहे, हेही सांगितलं. (हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.) मग मंडळाचे सचिव मारोतराव म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं जे असतील, त्यांनी हात वर करा."

सात हात वर झाले. एकूण पंधरा जण होतो. जिंकलो, असं मी मनात म्हणतोय, तोच माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मग बोटं, मग मनगट. मी डाव्या हाताने धरायला गेलो, तोवर उजवा हात कोपरासकट वर गेला आणि झेंडा फडकवल्यासारखा जोरजोरात हलायला लागला.

"अरे वा! मोहरील साहेब!" कोणीतरी ओरडलं.

हे माझं मत नाही, असं मला सांगायचं होतं. पण शब्द फुटेना. उजवीकडचा ओठ कानाकडे ओढला गेला होता आणि लोकांना ते हसू वाटलं. दीड मिनिट मी तसाच, हात हलवत, हसत, डोळ्यांत पाणी आणून बसून होतो. भावनेनं भरून आलं, असं नंतर दोघांनी मला सांगितलं. मारोतराव म्हणाले, "आठ विरुद्ध सात. ठराव पास." टाळ्या झाल्या. मग हात ओल्या पंच्यासारखा मांडीवर पडला.

वाचा परत आल्यावर मी हरकत घेतली. "मारोतराव, तो हात मी वर केला नव्हता."

"मग कोणी केला साहेब? तुमाले लागलेलाच होता न तो?" मारोतराव लिहिता लिहिता म्हणाले. "आता इतिवृत्तात आलं. पुढच्या वर्षी बघू."

संध्याकाळपर्यंत आमच्या स्मृति नगरमध्ये सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांना निदानही माहीत होतं. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं मानेचा मणका, कोणी म्हणालं मोबाइल उजव्या हातात धरू नका. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कधीकधी पितरांना मटण हवं असतं आणि ते असं सुचवतात. मी सर्वांचे आभार मानले आणि थकवा आहे म्हणून विषय मिटवला. कमलिनी, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "अहो, डॉक्टरकडं चला." पण घरातल्या माणसाचा सल्ला फुकट असतो, त्यामुळे तो मला कधी खरा वाटत नाही.

चौथ्या दिवशी चहा पिताना हात पुन्हा उडाला. चहा पेपरवर, पेपर जमिनीवर, आणि जमीन प्रेमलाने नुकतीच पुसलेली. प्रेमला आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. तिने फडका कमरेला खोचला आणि कमलिनीला म्हणाली, "बाई, साहेब ला आजेच डाक्टर कना ले जा." मग मात्र आम्ही गेलो.

दुर्गच्या न्यूरोलॉजिस्टने मला त्या गडगडणाऱ्या नळकांड्यात घालून मेंदूचा एमआरआय काढला. डॉक्टर तरुण होते. पडद्यावर माझं डोकं आडवं कापून ठेवल्यासारखं दिसत होतं. त्यांनी पेनाने एका जागी दाखवलं. "अंकल, ये रिंग दिख रही है? बीच में जो डॉट है ना, वो उसका सिर है."

"कुणाचं?"

"कीड़े का."

माझ्या डोक्यात आणखी एक डोकं होतं. डॉक्टर अगदी शांतपणे समजावत होते. जंताची अळी आहे. एकच आहे, घाबरण्यासारखं नाही. तिच्याभोवती सूज आली, त्यामुळे फिट येते आणि हात उडतो. आधी डोळे तपासू, कारण अळी डोळ्यात असेल तर औषधाने नुकसान होतं. मग दोन दिवस दाखल व्हा, जंताचं औषध आणि सूज उतरवायचं स्टेरॉइड सुरू करू. फिटची गोळी बरेच महिने चालेल. आणि डॉक्टर सांगेपर्यंत स्कूटर चालवायची नाही.

"कोणता जंत म्हणालात?" मी विचारलं.

"पोर्क टेपवर्म."

इथपर्यंत मी रुग्ण होतो. इथून पुढे मी आरोपी झालो.

"डॉक्टर," मी उभा राहून म्हणालो, "मी जन्मापासून अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. केक खातानाही मी बेकरीवाल्याला शपथ घालतो."

डॉक्टर म्हणाले, असे शाकाहारी रुग्ण त्यांच्याकडे कितीतरी येतात. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डुकराचं मांस नीट न शिजवता जो खातो, त्याच्या पोटात लांबलचक जंत होतो. त्या जंताची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. त्याने हात नीट धुतले नाहीत आणि त्याच हातांनी अन्नाला स्पर्श केला, किंवा घाण पाण्यावर वाढलेला भाजीपाला कोणी कच्चा खाल्ला, तर ती अंडी खाणाऱ्याच्या पोटात जातात आणि तिथून अळी मेंदूत पोचते. म्हणजे खाणारा एक आणि भोगणारा दुसरा. शेवटी ते म्हणाले, "घर में सबका स्टूल टेस्ट करवा लीजिए. अक्सर आसपास ही कोई कैरियर होता है."

कमलिनीने सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या कानात मात्र एकच शब्द घुमत होता, डुक्कर. येताना ती स्कूटर चालवत होती आणि मी मागे बसलो होतो. निवृत्त इन्स्पेक्टर, हातात स्वतःच्या डोक्याचे फोटो घेऊन, बायकोच्या मागे. नेहरू नगरच्या चौकात तीन ओळखीचे भेटले. तिघांनीही हात केला. मी हात केला नाही, कारण माझ्या हाताची मला आता भीती वाटत होती.

तरी हे सगळं घरातच राहिलं असतं, पण मेडिक्लेम आडवा आला. इस्पितळातून सुटल्यावर विमा कंपनीच्या मध्यस्थ ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "सर, आपके फॉर्म में फूड हैबिट का कॉलम खाली है."

"मग शाकाहारी लिहा."

"सर, पोर्क टेपवर्म डालने के बाद सिस्टम दो ही ऑप्शन देता है. पोर्क रेग्युलर, या पोर्क ओकेजनल."

मी तिला वाघाच्या दातांपासून सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की तिसरा पर्याय उघडायचा असेल तर सक्षम अधिकाऱ्याने दिलेला शाकाहाराचा दाखला अपलोड करावा लागेल.

मला सांगा, शाकाहाराचा सक्षम अधिकारी कोण? तहसील कार्यालयात जन्माचा, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला मिळतो. मी विचारल्यावर खिडकीतल्या बाबूने त्याच्या शेजारच्या बाबूला बोलावलं, दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं आणि जेवणाची सुट्टी झाली. वॉर्डाच्या पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, ऑफिसातला माणूस सज्जन होता. लिहून द्यायला तयार होता, फक्त माझ्यासोबत रोज तिन्ही वेळा जेवणारे दोन साक्षीदार त्याला हवे होते, तेही घरचे नकोत. निवृत्त माणसासोबत रोज तिन्ही वेळा बाहेरचे दोघं जेवत असते, तर मी आजारापेक्षा त्याचीच काळजी केली असती.

शेवटी मी मारोतरावांकडे गेलो. मंडळाचं लेटरहेड होतं, शिक्का होता, आणि माझी चार वर्षांची शाकाहारसेवा इतिवृत्तात नोंदलेली होती. मी त्यांना विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. हे कोणाला सांगू नका, असंही सांगितलं.

"छे छे, कोनाले सांगतो?" मारोतराव म्हणाले. "फक्त दाखला म्हटल्यावर कमिटीपुढं ठेवावं लागते."

रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बैठकीची सूचना आली. विषय एक, मागील इतिवृत्त वाचणे. विषय दोन, सावजीवाला ठरवणे. विषय तीन, श्री. मोहरील यांच्या डुकराबाबत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. पावर हाउस भागातल्या बाजारात मी गाजरं निवडत होतो, तर एका जुन्या सहकाऱ्याने मला पाहिलं आणि मटणाच्या गल्लीकडे बोट दाखवून, मी रस्ता चुकल्यासारखं, हळूच म्हणाला, "तिकडं आहे साहेब." एका मुंजीत वाढपी माझ्या पानाला वळसा घालून गेला. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मला भूक लागायची आणि गाल फुगले होते. "चेहरा भरला हो तुमचा," बायका कौतुकाने म्हणायच्या आणि एकमेकींकडे पाहायच्या. मानवलं याला, हा त्या पाहण्याचा अर्थ होता.

तेव्हा मी ठरवलं, की माझ्या डोक्यात ज्याने किडा घातला त्याला शोधून काढायचं. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याचा अर्थ असा लावला, की आमच्या घरात बाहेरून जे येतात त्या सगळ्यांची. पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला संशयित ठरवायला पाच मिनिटं लागतात. एक प्रेमला. दुसरे शेजारचे देवाजी मेश्राम, कारण त्यांच्या अंगणातले मुळे, टोमॅटो आणि काकड्या कुंपणावरून आमच्याकडे येतात. प्रेमलाची झोपडपट्टी आणि मेश्रामांचा आहार, हे दोन मुद्दे मी वहीत लिहूनसुद्धा ठेवले. त्या वहीकडे आता मला पाहवत नाही.

प्रेमलाला मी प्लास्टिकची डबी दिली आणि काय करायचं ते शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. तिने डबी उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि ओट्यावर ठेवली.

"बाई दिही, त महूँ दुहूँ," ती म्हणाली. बाई देईल, तर मी पण देईन.

"बाईंचा काय संबंध?" मी विचारलं.

"त मोर का संबंध?" असं म्हणून ती भांड्यांकडे वळली.

तिचा नाद सोडून मी देवाजींकडे गेलो. देवाजी रेल्वेत लोको पायलट होते, चरोद्याच्या यार्डातून मालगाड्या न्यायचे. सावकाश बोलणारा माणूस. मी सोफ्यावर बसलो आणि टीपॉयवर तीन डब्या ओळीने ठेवल्या.

"हे कावून साहेब?"

"जरा नाजूक काम आहे, देवाजी." मी घसा साफ केला. "माझ्या आजाराचं तुम्हाला माहीतच आहे. त्याचा उगम शोधायचा आहे. आता तुमच्याकडे, म्हणजे आहाराच्या बाबतीत, कसं, थोडा मोकळेपणा असतो..."

देवाजींच्या बायकोचं, कमलाबाईंचं, आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. देवाजी डब्यांकडे बघत राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "आमच्या घरी डुक्कर कधी शिजलं नाही. कोंबडी शिजे, ते बी डॉक्टरनं सोडाले लावली. पन शिजत असतं तरी... तुमच्या रुळावरून मी तीस वर्सं गाडी चालवली. रूळ कोनी तपासला, तो काय खाते, हे मी कधी इचारलं नाई."

मी काहीतरी बोलणार होतो, पण आतून दीक्षा आली. दीक्षा त्यांची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., सुपेल्याच्या एका लॅबमध्ये नोकरीला. ती अजून ऑफिसच्याच कपड्यांत होती.

"बाबा, एक मिनट." ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "काका, ज्याच्या पोटात जंत असतो न, त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसते. स्लाइडवर दिसते. हम लोग सैंपल दे देंगे, कोई दिक्कत नहीं. एक ही शर्त है."

"बोल न."

"तुमच्या घरचे पण द्यायचे. तुम्ही आणि काकू. सगळ्यात आधी. और तीन अलग-अलग दिन का, कारण अंडी रोज पडतात असं नाही."

मी मोठ्या मनाने हसलो. "अगं, आमचं काय, ती एक औपचारिकता."

"हो न. तीच औपचारिकता," दीक्षा म्हणाली आणि टीपॉयवरून डब्या उचलल्या.

कमलिनीला सांगितलं. भाजी निवडत होती, ती निवडत राहिली. मला वाटलं, लाजली. बाईंनी डबी दिलेली पाहून प्रेमलानेही दिली. रोज सकाळी दीक्षा लॅबला जाताना एका पिशवीत दोन मराठी घरांची आणि एका छत्तीसगढी घराची अब्रू घेऊन जायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दीक्षा आली. मी दारातच गाठलं. "कोण निघालं?"

"काका, मला काकूंशी बोलायचं आहे. अकेले में."

"माझ्यासमोर बोल. या घरात लपवण्यासारखं काही नाही." हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, कारण कुंपणापलीकडे देवाजी झाडांना पाणी घालत होते आणि ओट्यापाशी प्रेमला होती.

दीक्षाने कमलिनीकडे पाहिलं. कमलिनीने मान हलवली. "सांग बाई. ऐकू दे त्यांना."

"प्रेमलाबाई निगेटिव्ह. आमच्या घरचे तिघंही निगेटिव्ह. काका निगेटिव्ह." ती कमलिनीकडे वळली. "काकूंच्या सॅम्पलमध्ये टेपवर्मची अंडी आहेत."

ओट्यापाशी भांडं पडलं. कोणाच्या हातून, ते मी पाहिलं नाही.

"लॅबची चूक असेल," मी म्हणालो. "डबी बदलली असेल."

"चूक नाही," कमलिनी म्हणाली. "मी खाल्लं."

"काय खाल्लं?"

"डुक्कर."

मी खाली बसलो. गेल्या वर्षी मृणालच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी कमलिनी चार महिने शिलाँगला होती. जावई तिकडचाच. मी त्या लग्नाला आहाराच्या मुद्द्यावर सहा महिने विरोध केला होता आणि नंतर त्याच मुद्द्यावर तिकडे जायचं टाळलं होतं.

"त्यांनी फसवून खाऊ घातलं?" मी विचारलं. माझा आवाज आशेने भरलेला होता. "बटाटा समजून खाल्लंस?"

"नाही हो. डुक्कर समजूनच खाल्लं. सहलीले गेलो होतो, निखाऱ्यावर सळईला लावून भाजून राहिले होते. जावई म्हणे, आई, आपके लिए पनीर है. मीच म्हटलं, राहू दे पनीर. आतून कच्चं असेल थोडं. मग घरी दोनदा खाल्लं. चांगलं लागते."

प्रेमला तोंडाला पदर लावून हसत होती. दीक्षा जमिनीकडे बघत होती.

"पस्तीस वर्षं!" मी म्हणालो. "पस्तीस वर्षं या घरात..."

"पस्तीस वर्षं तुमी सांगितलं ते खाल्लं," कमलिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "लसूण कधी टाकायचा, कांदा कोनत्या महिन्यात नाही, सगळं तुमच्या म्हनण्यानं. ते चार महिने मले कोनी सांगितलं नाही, काय खायचं आन काय नाही. म्हनून खाल्लं." आणि मग तिचे डोळे एकाएकी भरून आले. "पन माझ्याच हातची कोशिंबीर रोज तुमाले... मले काय माहीत असं होते म्हनून. मी घाईघाईत नुसत्या पान्यानंच हात धुवत असन. तुमाले काही झालं असतं तर?"

तिला रडताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर बघायला मी तिथे असायचोच असं नाही. मी खिशातला रुमाल काढून दिला. एवढंच सुचलं.

दीक्षाने तिला सांगितलं, की ही शरमेची गोष्ट नाही, औषध सोपं आहे. डॉक्टरांनी आधी कमलिनीच्या डोक्याचाही फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. मग एका दिवसाच्या गोळ्या दिल्या. तिने त्या घेतल्या, दोन आठवड्यांनी तपासणी केली, बरी झाली. ज्याने खाल्लं त्याला एक दिवस आणि मी मात्र महिनोन् महिने सकाळ-संध्याकाळ गोळ्या गिळतोय. यात न्याय कुठे आहे, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला साबणाने हात धुण्याचा आणि भाज्या नीट धुण्याचा छापील कागद दिला.

मधल्या काळात मंडळाच्या बैठकीचा दिवस उजाडला. आदल्या रात्रभर विचार करून मी आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घेतला होता. दाखला मागितला, तर प्रश्न निघणार. प्रश्न निघाले, तर कमलिनीचं नाव येणार. बायकोची अब्रू वाचवायची, तर माझी घालवावी लागेल. मनातल्या मनात या त्यागाने मी इतका हेलावलो, की सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाबद्दल मला आदर वाटला.

विषय तीन आला. मी उठलो. उजवा हात खिशात घट्ट धरून ठेवला आणि म्हणालो, "बंधूंनो, मला दाखला नको. मी खाल्लं. मी, विजयकुमार मोहरील, डुक्कर खाल्लं. यात माझ्या कुटुंबाचा काही संबंध नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या आदरानं घातल्या, असं मला काही क्षण वाटलं.

"बसा साहेब," मारोतराव मऊ आवाजात म्हणाले. "वहिनींनी शुक्रवारी भिशीत सगळं सांगितलं न."

"सगळं?"

"सगळं. निखाऱ्यापासून. आन हेही सांगितलं, की तुमी उगाच दुसऱ्याच्या घरी डब्या घेऊन गेले होते, जंत घरातल्या घरात असून. आमची मंडळी तर मागं लागली, शिलाँगले कधी जाऊन राहिलो म्हने. वहिनींनी बजावलं पन, नीट शिजवल्याबिगर खायचं नाही, आन बाथरूममधून आल्यावर साबन पायजेच. लय चांगलं समजावून सांगतात हो. पुढच्या महिन्यात महिला शाखेत त्यांचंच भाषण ठेवलं."

मी हळूच बसलो. "मग आता... मला दाखला देता येईल?"

मारोतरावांनी पेनाचं टोपण लावलं. "आता कसा देऊ साहेब? तुमची कबुली इतिवृत्तात आली न."

दोन दिवसांनी विम्याच्या त्या मुलीचा फोन पुन्हा आला. मी म्हणालो, ओकेजनल लिहा. क्लेम आठवड्यात मंजूर झाला.

मग एकच काम राहिलं. ते मी आठ दिवस पुढे ढकललं. कुंपणाशी देवाजी दिसले की आत जात होतो. शेवटी कमलिनीने सांगितलं, "तुमी जात नसान तर मी जाते, आन मी गेली तर तुमच्यासाठी बरं दिसनार नाही."

मी गेलो. प्रेमलाची माफी मी आदल्या दिवशीच मागितली होती आणि तिने ती भांडी घासता घासता, मागे न वळता स्वीकारली होती. देवाजींसमोर मात्र तोंड उघडेना. चौदा वर्षं त्यांच्या अंगणातले मुळे आमच्या घरात येत होते. त्यांच्या घरात शिजलेला एक घास मी कधी घेतला नव्हता. उपवास आहे, पोट ठीक नाही, आत्ताच जेवलो, अशी कारणं सांगून झाली होती. खरं कारण मी स्वतःलाही कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं. आहाराचं नाव पुढे केलं की फार बोलावं लागत नाही.

"देवाजी, माझं चुकलं," मी म्हणालो. "डब्या घेऊन आलो ते चुकलं. का आलो, तेही चुकलं."

देवाजींनी चष्मा काढून पुसला. "दीक्षाची आई त्या दिवशी जेवली नाई साहेब," ते म्हणाले. "मले काही वाटलं नाई. मले सवय हाय. तिले वाटलं."

मी नुसता बसून राहिलो. उठून जाणं सोपं होतं आणि तेच टाळत होतो.

आतून कमलाबाई आल्या. हातात ताटली होती, ताटलीत चार गरम आलूबोंडे आणि तळलेल्या मिरच्या. त्यांनी ताटली टीपॉयवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी उपवास नव्हता. पोटही ठीक होतं. मी हात पुढे केला.

"थांबा भाऊ," कमलाबाई म्हणाल्या. "पयले हात."

त्यांनी अंगणाकडच्या बेसिनकडे बोट दाखवलं. मी उठलो. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी नळ सोडला, साबण लावला, हात धुतले आणि वळलो.

त्यांनी माझे दोन्ही हात नीट पाहिले. "नखातलं राहिलं," त्या म्हणाल्या. "आनखी एकदा."

मी आणखी एकदा धुतले.